सातवं क्षमापत्र

हैदराबाद,
१४ सप्टेंबर २०२४

ती. गिरधरनाना यांस,
चेलनाचा नमस्कार.

पप्पांचं क्षमापत्राचं कार्ड काल मिळालं. हे सहावं. पर्युषणातली संवत्सरी झाली की आठवडाभरात येतं, तसं याही वर्षी आलं. तोच गुलाबी कागद, वर आपल्या साडीच्या दुकानाचं नाव, खाली 'वर्षभरात कळत नकळत आपलं मन दुखावलं असल्यास हात जोडून क्षमा मागतो, मिच्छामि दुक्कडम्' आणि त्याखाली 'भिकमचंद', तेही छापलेलंच. हाताचं एक अक्षर नाही. पाकिटावरचा पत्ता तेवढा तुमच्या हातचा. दुकानातून साडेतीनशे जणांना जे जातं तेच मला. मी नेहमीसारखं उत्तर पाठवलं आहे, दुकानाच्याच पत्त्यावर.

नाना, एक विचारते, खरं सांगा. माझं उत्तर वाचून पप्पा काय करतात? सहा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या सिनेमाचं पोस्टर नेमकं जैन स्थानकाच्या रस्त्यावर लागलं. माझ्या हातात बंदूक आणि गालावर रंगाचं रक्त. पप्पा महाराजांच्या व्याख्यानाला चालले होते. त्या दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "बंदूक खोटी असेल, पण ती बघून लोकांना जो आनंद होतो तो खरा आहे. हिंसा करणं, करवणं आणि तिला बरं म्हणणं, तिन्ही एकच. तू हजारो माणसांकडून ते करवतेस. आधी क्षमा मागशील तेव्हाच बोल." मी म्हटलं, मी कोणाला मारलंय म्हणून क्षमा मागू? त्यांनी फोन ठेवला.

पुढे त्यांचंच कार्ड आलं आणि माझा राग विरघळला. त्या वर्षापासून दर वर्षी मी चार ओळी हाताने लिहून क्षमा मागते. सहा वेळा मागितली. आता आणखी काय हवं त्यांना? फोन करतात का, नाही. मी केला तर उचलत नाहीत. मी ठरवलंय, छापील कार्डाखाली त्यांनी स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहावेत. फक्त 'घरी ये' एवढं. त्या दिवशी मी शूटिंग टाकून निघेन. तोवर नाही.

इथे नवीन सिनेमा चालू आहे. सुरतेला साड्यांच्या कॅटलॉगसाठी दिवसाला साठ साड्या नेसून उभी राहायचे, तेव्हा फोटोग्राफर ओरडायचा, हलू नको. इथे फाइट मास्टर ओरडतात, थांबू नको. मला हे जास्त आवडतं. मी मजेत आहे.

तुमची,
चेलना


जळगाव,
१ ऑक्टोबर २०२४

चि. चेलनाबाई हिस,
गिरधरनानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मला समोरच्याचं ऐकू येतं पण फोनवरचं येत नाही, म्हणून तू अजून कागद घेऊन बसतेस, याचं मला बरं वाटतं. सून म्हणते, मामंजी, पोस्टमन आता फक्त तुमच्यासाठी नोकरी करतो.

शेठ काय करतात म्हणून विचारलंस. दुकानाचं टपाल मीच घेतो आणि मीच वर घरात नेतो. शेठ पाकीट हातात घेतात, चष्मा लावतात, बाजूला ठेवतात. त्यांचं मन तुला ठाऊक आहे.

तू मात्र दोन शब्दांसाठी अडून बसू नकोस. बाप म्हातारा झाला की त्याच्याशी हट्टाने जिंकण्यात काही राम नाही. तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात ते उगीच नाही. तुझी पुष्पाकाकू तर रोज म्हणते, "पोरले लिखा, गुपचूप घर निंघी ये. बाप काय दारमां उभी ऱ्हावू देवाव नही का?" मलाही तेच वाटतं. कार्डाबिर्डाचं सोड आणि एकदा समोर येऊन उभी राहा.

परवा दुकानात एक नवरी मुलगी आली होती. मी नेहमीसारखा पदर माझ्याच खांद्यावर टाकून दाखवला. मिशीवाल्या म्हाताऱ्याला शोभतो तर आपल्याला शोभेलच, असं बायकांना वाटतं, आमच्या धंद्याचं गुपित तेवढंच. तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस. दिवसभर माझ्या शेजारी गादीवर उभी राहून माझी नक्कल करायचीस. पदर घसरू नये म्हणून डावा खांदा बोटभर खाली सोडायचा, हे तू माझ्याकडून शिकलीस. तुझ्या मॉडेलिंगचा पहिला मास्तर मी, हे तुझ्या हैदराबादच्या लोकांना सांगून ठेव.

तब्येतीला जप.

तुझा,
गिरधरनाना


हैदराबाद,
१८ जानेवारी २०२५

ती. नाना,

घाईत लिहिते आहे. सिनेमा पुढच्या महिन्यात येतोय, हिंदीतही. तुमच्याकडे लागला तर नक्की बघा. चौथ्या मजल्यावरून खाली उडी घ्यायचा प्रसंग आहे, तो मीच केलाय. असल्या ठिकाणी हिरॉइनच्या जागी दुसरी मुलगी उडी मारते, तिला डबल म्हणतात. मी डबल घेतली नाही.

घरी यायचं तुम्ही लिहिलंत. सध्या जमणार नाही, डबिंग आणि बरीच कामं आहेत. मधे दोन महिने पत्र नव्हतं त्याची काळजी करू नका. मी ठीक आहे.

चेलना


जळगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. चेलनाबाई,
आशीर्वाद.

तुला एक सांगतो, बसून वाच. तुझा सिनेमा मी पाहिला आणि शेठनीही पाहिला.

मंगळवारी सकाळी शेठनी मला वर बोलावलं. म्हणाले, "गिरधर, धुळ्याला एका व्यापाऱ्याकडे जायचंय, तू चल." एसटीने निघालो. पारोळा गेलं, धुळं आलं, व्यापाऱ्याचं नाव काही निघेना. स्टँडवर उतरल्यावर हळूच म्हणाले, "बारा वाजताचा खेळ मिळेल ना? सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी पोचायचंय." जळगावात ओळखीचं कोणी बघेल म्हणून माणूस तीन तास एसटीत बसला. मी हसू दाबलं.

मारामारी सुरू झाली की शेठ डोळे गच्च मिटायचे आणि नवकार मंत्र म्हणायचे. थोड्या वेळाने मला कोपराने ढोसून विचारायचे, "झाली का?" मी झाली म्हटलं की डोळे उघडायचे. सिनेमात तू आईला औषध पाजतेस ना, तिथे त्यांनी चष्मा दोनदा पुसला. सगळा सिनेमा त्यांनी असा अर्धाच पाहिला. परत येताना शेठ बरंच बोलले. ते समोर भेटशील तेव्हा सांगेन, कागदावर लिहिण्यासारखं नाही.

आता माझं ऐक. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं. चौथ्या मजल्यावरून उडी मारणारी तू नव्हतीस. तिचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. गेली पंचवीस वर्षं तुझा डावा खांदा मी ओळखतो, पडद्यावर काय फसणार आहे? नुसती उडी नाही, शेवटच्या अर्ध्या तासात चेहरा दिसतो तेवढी तू, बाकी दुसरीच कोणी. तू मला खोटं लिहिलंस. बाई, काय झालंय तुला? पाय की पाठ?

गिरधरनाना


हैदराबाद,
९ मार्च २०२५

ती. नाना,

पाठ.

नोव्हेंबरात झालं. कमरेला पट्टा बांधून दोरावर लटकवतात आणि चारजण खालून दोर ओढतात. त्या दिवशी एकाचा हात सुटला. मी फार उंचावर नव्हते, आपल्या दुकानाच्या माळ्याएवढी उंची असेल. गादीच्या कडेवर पडले. मणक्यात आता चार स्क्रू आहेत. चालता येतं, जिना चढता येतो, पण डॉक्टरांनी सांगितलं, उडी या जन्मात विसरा. उरलेला सिनेमा त्यांनी चोवीस वर्षांच्या एका मुलीकडून करवून घेतला आणि माझा चेहरा खुर्चीत बसवून घेतला. ती मुलगी चांगली आहे, मला भेटायला फुलं घेऊन आली होती. पुढच्या सिनेमात तिला घेतलंय, माझ्याच जागी.

मी तुम्हाला खोटं लिहिलं, कारण तुम्ही तरी मला उडी मारताना बघावं असं वाटत होतं. मॉडेल म्हणून मी सहा वर्षं साडी दाखवली, मला कोणी पाहिलं नाही. मारामारीत पहिल्यांदा मला वाटलं की हे हातपाय माझे आहेत. ते गेलं, नाना. लोकांना वाटतं पैसा जातो, नाव जातं. मला त्याचं एवढं काही नाही. सकाळी उठल्यावर करायला काही नाही, याचं मला रडू येतं.

पप्पांना सांगू नका. ते कर्माचं फळ म्हणतील आणि ते ऐकायची ताकद माझ्यात नाही.

ते धुळ्याला गेले, हे मी दहा वेळा वाचलं. मग मला रागच आला. तीन तास एसटीत बसता येतं, पण सहा वेळा क्षमा मागणाऱ्या मुलीला दोन शब्द लिहिता येत नाहीत? माझ्यासाठी डोळे मिटून बसण्यापेक्षा पेन उघडायला काय हरकत होती? या वर्षी पुन्हा तसलंच छापील कार्ड आलं तर मी उत्तर देणार नाही. सांगून ठेवते.

चेलना


जळगाव,
३० ऑगस्ट २०२५

चि. चेलनाबाई,
आशीर्वाद.

तुझ्या मार्चच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. तुझ्या पाठीचं वाचून पुष्पा दोन दिवस नीट जेवली नाही. मी शेठना सांगितलेलं नाही.

परवा संवत्सरी झाली. तुझं कार्ड आज टपालात टाकलं. एवढी एक विनंती आहे, या वेळचं कार्ड नीट बघ आणि उत्तर लगेच दे. राग बाजूला ठेव, चार ओळी लिही, दोन लिही, पण लिही. शेठना जरा बरं नसतं. दुकानात तुझा चुलतभाऊ अखिलच बसतो आता. काळजी करण्यासारखं नाही, पण उत्तर पाठव.

मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतो.

गिरधरनाना


हैदराबाद,
६ सप्टेंबर २०२५

ती. नाना,

कार्ड मिळालं. तुम्ही नीट बघ म्हणालात म्हणून नीट बघितलं. तोच गुलाबी कागद, तीच छपाई. फरक एवढाच की या वेळी छापताना किंवा पाकिटात घालताना कोणीतरी खाली पेन ओढलंय, नुसत्या वाकड्यातिकड्या रेघोट्या. साडेतीनशे कार्डांतलं खराब झालेलं माझ्या वाट्याला आलं असणार. मी ते कचऱ्यात टाकलं.

तुम्ही कळवळून लिहिलंत म्हणून तुम्हाला उत्तर देते आहे, पप्पांना देणार नाही. त्यांच्या वतीने तुम्ही किती दिवस विनवण्या करणार? बरं नसतं म्हणजे गुडघेच असणार. त्यांना सांगा, आता चेलनाच्याही पाठीला वाकता येत नाही.

रागावू नका. तुमच्यावर राग नाही.

चेलना


मु. पो. पारोळा,
१ ऑक्टोबर २०२५

चि. चेलना,

गेल्या महिन्याच्या १२ तारखेला शेठ गेले. अखिलच्या फोनवर तू निघालीस, पण पोचेस्तोवर सगळं उरकलं होतं. तू चार दिवस जळगावात होतीस आणि मी तुझ्यासमोर आलो नाही. गावी भाऊ आजारी आहे असं सांगून मी इथे येऊन बसलो. भाऊ ठणठणीत आहे. मला तुझं तोंड बघायची हिंमत नव्हती.

आता लिहितो ते एका दमात वाच.

पहिली सहा कार्डं शेठनी पाठवली नव्हती. मी पाठवली होती.

दर वर्षी कार्डांवर पत्ते घालायचं काम माझं. २०१९ साली यादी वाचून दाखवली तेव्हा शेठ म्हणाले, "चेलनाचं नाव काढ." कार्डं संपली तेव्हा दहा-बारा उरली होती. मला वाटलं, ज्या दिवशी माणूस चौऱ्याऐंशी लाख जीवांची क्षमा मागतो, त्या दिवशी एक मुलगी तेवढी राहावी, हे बरं नाही. मी जैन नाही, पण एवढं मलाही कळतं. एका कार्डावर तुझा पत्ता घातला. वाटलं, पोरीला बरं वाटेल, ती घरी येईल, समोरासमोर आले की दोघंही विरघळतील. तू आली नाहीस. तुझं उत्तर आलं, शेठच्या नावाने. ते वर नेलं असतं तर मी कार्ड पाठवलं हे उघडं पडलं असतं. मी ते घरच्या पेटीत ठेवलं. पुढच्या वर्षी कार्ड गेलं नसतं तर तुला वाटलं असतं, बाप पुन्हा रुसला. म्हणून पुन्हा पाठवलं. अशी सहा वर्षं गेली. पुष्पा म्हणायची, "आते तरी सांगी टाका, नही ते बठ्ठा पाप तुमना माथे येई." मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

शेठ पाकीट हातात घेतात, चष्मा लावतात, हे मी तुला लिहिलं ते सगळं खोटं.

धुळ्याहून येताना एसटीत ते म्हणाले होते, "तिनं एकदा, एकदाच क्षमा मागितली असती गिरधर, तर मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो असतो." तुझी सहा पाकिटं तेव्हा माझ्या पेटीत होती. पारोळ्यापासून जळगावपर्यंत ओठावर आलं होतं. बोललो नाही. चाळीस वर्षांची नोकरी, त्यांचा माझ्यावरचा विश्वास, सगळं आडवं आलं. तुला कागदावर लिहिण्यासारखं नाही म्हणालो ते हेच.

जुलैत शेठना झटका आला, ते तुला आता कळलंच असेल. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तुला कळवायला त्यांनी सक्त मनाई केली. म्हणाले, "आजारी बापाची कीव करून येईल. तशी नको." संवत्सरीला अंथरुणावरच त्यांनी प्रतिक्रमणाचा पाठ केला, सगळ्या जीवांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "एक कार्ड काढ. चेलनाचं." मी कार्ड काढलं. ते म्हणाले, "पेन दे." उजवा हात चालत नव्हता. मी कार्ड पाटीवर धरलं आणि शेठ डाव्या हाताने अर्धा तास लिहीत होते. 'घरी ये' लिहायचं होतं त्यांना. तू रेघोट्या म्हणालीस त्या त्यांच्या होत्या.

तुला हे तेव्हाच लिहिलं असतं तर आधीची सहा कार्डं कोणाची, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी नुसतं 'नीट बघ' लिहिलं. सहा खोट्या कार्डांनी मी तुला खरं कार्ड ओळखू येऊ दिलं नाही.

ते रोज दुपारी विचारायचे, "टपाल?" मी म्हणायचो, उद्या. दहा तारखेला तुझं पत्र माझ्या घरी आलं. ते वाचून मी तुझी सहाही पाकिटं पिशवीत घातली आणि वर गेलो. आज पाय धरून सगळं सांगायचं असं ठरवून गेलो. शेठ म्हणाले, "आलं का तिचं?" पिशवी माझ्या मांडीवर होती. मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मी सहा वर्षं ताणलं, तिनं सहा दिवस तरी ताणावं." मी पिशवी घेऊन खाली उतरलो. दोन दिवसांनी ते गेले.

सहाही पाकिटं यासोबत पाठवतो. एकही फोडलेलं नाही. दुसऱ्याचं टपाल फोडू नये, एवढी लाज मला होती. बाकीची कुठे गेली होती, कोण जाणे.

तुमच्या रिवाजाप्रमाणे मी तुझी क्षमा मागतो. छापील नाही, हाताने लिहून मागतो. देऊ नये असं वाटलं तरी मी समजेन.

गिरधर


हैदराबाद,
१२ ऑक्टोबर २०२५

गिरधरनाना,

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. पाकिटं कालपर्यंत फोडली नव्हती. काल फोडली. माझीच पत्रं मी पप्पांच्या जागी बसून वाचली. पहिल्या वर्षीचं पान भरून आहे, त्यात रडून शाई फुटली आहे. शेवटचं तीन ओळींचं आहे. एखाद्या बापाने पहिलं वाचलं असतं तर दुसरं लिहायची वेळ आली नसती.

ते कार्ड माझ्याकडे नाही. तुमचं पत्र वाचल्यावर मी खाली जाऊन बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, कचरा रोज जातो. एक महिन्यापूर्वीचा कचरा विचारणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असणार. पप्पांनी अर्धा तास लिहिलेलं मी अर्ध्या मिनिटात टाकलं. ते मात्र तुमच्या माथी मारता येत नाही. मी नीट बघितलं असतं तर एखादं अक्षर लागलं असतं. रागात बघितलं म्हणून रेघोट्या दिसल्या.

बाकीचं तुमच्या माथी आहे. तुम्ही मला सहा वर्षं बाप दिलात आणि त्याच हाताने खरा बाप काढून घेतलात. दोरावर लटकताना मी मनात म्हणायचे, पप्पांनी मला माफ केलंय, मग भीती कशाची. ते धैर्य तुमचं होतं, हे आता कळतंय. त्याबद्दल तुमचे आभार मानावेत की तुम्हाला शाप द्यावा, मला कळत नाही. मी दोन्ही करून पाहिलं. एकानेही बरं वाटलं नाही.

तुम्ही रिवाजाप्रमाणे क्षमा मागितलीत, तर रिवाज पुरा ऐका. पप्पा लहानपणी शिकवायचे, राग पंधरा दिवसांत सोडावा. नाही जमलं तर चार महिन्यांत. तेही नाही जमलं तर संवत्सरीला सोडलाच पाहिजे, कारण वर्षापलीकडे राग धरणारा माणूस जैन राहत नाही. स्वतः त्यांना ते जमलं नाही. मी बघणार आहे, मला जमतं का. पण मी सगळं वर्ष घेणार आहे, नाना. एक दिवसही कमी करणार नाही. तोवर मला पत्र लिहू नका आणि माझ्या पत्राची वाट बघू नका.

पुढच्या संवत्सरीला मी पारोळ्याला येईन. कार्ड पाठवणार नाही, स्वतः येईन, पाठ कशीही असली तरी. जे काही म्हणायचं ते तुमच्या तोंडावर म्हणेन. एकदा उशिरा पोचले, तुमच्या बाबतीत पुन्हा उशिरा पोचायचं नाही. म्हणून तोवर तुम्हाला काही होता कामा नये. रक्तदाबाची गोळी तुम्ही विसरता, असं काकू म्हणायच्या. रोज घ्या.

चेलना